घाटापासून घाटापर्यंत
जुन्या होडीच्या ट्रेलरला लांबच्या प्रवासासाठी सज्ज कसे करावे?

वाचकहो, काशीयात्रेस गेलेला मराठी माणूस मणिकर्णिकेचे दर्शन घेऊन उत्तरेकडे थोडा चालला, की शिंदे घाटावर येऊन पोहोचतो. येथे परक्या मुलुखात आपण आलो आहोत असे त्याला वाटत नाही. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधवला. त्या कागलकर घाटग्यांच्या कन्या. म्हणजे कोल्हापूरच्या मातीतील एका स्त्रीने गंगेच्या काठी दगडी पायऱ्यांचे हे विशाल स्वप्न उभारले. १८२८ मध्ये काशीतीलच ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा स्तंभमंडपही त्यांनीच उभारला होता.

परंतु शिंदे घाटाची कीर्ती त्याच्या वैभवापेक्षा त्याच्या खचण्यामुळेच अधिक झाली. आपल्याच दगडांचा भार घाटाला पेलवला नाही आणि त्याचा काही भाग खाली बसला. घाटाच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे. ते सुमारे ९ अंशांनी कललेले असून त्याचा गाभारा वर्षातील बराच काळ पाण्यात असतो. मातृऋण फेडल्याचा अभिमान धरणाऱ्या पुत्राला लागलेल्या शापाची कथा तेथील लोक सांगतात. कथा आपल्या जागी गोड आहे. पण ज्याला भार वाहून न्यायचा आहे, त्याने या घाटावर क्षणभर उभे राहून आणखी एक गोष्ट मनात नोंदवून घ्यावी. भार किती आहे आणि तो कोठे पडतो आहे, हे दोन प्रश्न आधी विचारले नाहीत, तर पुढे कोणतीही कारागिरी उपयोगी पडत नाही.

या लेखाचा विषय त्या दोन प्रश्नांचाच आहे. मात्र येथे मंदिराऐवजी होडी आहे आणि घाटाऐवजी दोन चाकांची एक जुनी गाडी.

होडीला रस्त्याने का जावे लागते?

शिंदे घाटावर बांधलेल्या नावांना रस्त्याची गरज सहसा पडत नाही. त्यांचा जन्म गंगेच्या काठी, आयुष्य गंगेत, आणि दुरुस्तीही घाटावरच. मल्लाह मंडळी नाव काठावर ओढून घेतात, फळ्यांच्या सांध्यांत सूत ठोकून भरतात, वर डांबर फासतात आणि तिला पुन्हा पाण्यात लोटतात. परंतु गंगा फुगली, की चित्र पालटते. वाराणसीत पाण्याची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. सप्टेंबर १९७८ मध्ये पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. अशा वेळी पायऱ्या दिसेनाशा होतात, नौकाविहार बंद होतो, आणि जेथे एरवी माणसे चालतात अशा वस्त्यांतून जीवरक्षक होड्या फिरू लागतात. या होड्यांना नदीची वाट धरून चालत नाही. संकट असेल तेथे त्यांना रस्त्याने पोहोचावे लागते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी वाराणसीत आणि एक पुण्याजवळ ठेवलेली आहे, ती याच कारणासाठी.

आपल्याकडील अनुभवही याहून निराळा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांना आलेल्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडील गावे पाण्याने वेढली गेली. त्याच महिन्याच्या ८ तारखेला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. होडीत तिच्या क्षमतेहून अधिक माणसे होती. भाराचा हिशेब चुकला की केवढी किंमत मोजावी लागते, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

आता अशी कल्पना करा, की नदीकाठच्या आपल्या गावाला एक जुनी पण धडधाकट होडी मिळाली आहे. होडी आहे दूरच्या शहरी, एका ट्रेलरवर. आणि तो ट्रेलर दोन-तीन पावसाळे एका भिंतीच्या आडोशाला उभाच आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. होडी आणायची आहे. ‘लाव जीपला आणि ओढ’ असे म्हणणारे उत्साही लोक प्रत्येक गावात असतात. त्यांना चहा द्यावा, आणि पुढील कामे क्रमाने उरकेपर्यंत बसवून ठेवावे.

प्रथम वजन, मग तोल

होडीचे वजन म्हणजे केवळ होडीचे वजन नव्हे. एक साधा हिशेब मांडून पाहू. होडी ३५० किलो, मागे लावलेले यंत्र ९० किलो, ४० लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ३० किलो, नांगर, दोर, वल्ही आणि जीवरक्षक जाकिटे मिळून ५० किलो, आणि ट्रेलर स्वतः २३० किलो. बेरीज ७५० किलो झाली. हा आकडा ट्रेलरच्या पट्टीवर नोंदलेल्या मर्यादेत बसतो का, आणि ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत बसतो का, ते पाहावे. अंदाजावर न जाता जवळच्या वजनकाट्यावर ट्रेलर प्रत्यक्ष तोलून घ्यावा. काट्याची चिठ्ठी फार थोड्या पैशांत मिळते.

उघड्यावर राहिलेल्या होडीत पावसाचे पाणी साचलेले असते, हेही विसरू नये. २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद तळावर केवळ १० सेंटीमीटर पाणी असले, तरी ते २०० किलो भरते. तळाचे बूच काढून ते सर्व वाहू द्यावे. इंधनाची टाकीही शक्य तो रिकामी करावी. पेट्रोल मुक्कामाच्या ठिकाणी मिळते.

वजनानंतर तोल. येथे आपल्या शेतकरी वाचकांना काही नवे सांगावे लागणार नाही. बैलगाडीत माल मागे जास्त झाला, की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढे जास्त झाला, तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरचेही अगदी तसेच आहे. त्याच्या पुढच्या दांड्याचा जो भार मोटारीच्या मागच्या जोडावर पडतो, तो एकंदर वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका असावा, असा सामान्य ठोकताळा आहे. आपल्या ७५० किलोंच्या उदाहरणात तो सुमारे ७५ किलो होईल. मोटारीच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असेल, तर तीच पाळावी.

हा भार मोजण्यास घरातला वजनकाटाही चालतो. ट्रेलर सपाट जागी उभा करावा, चाकांना उटी लावावी, दांडा जोडाच्या उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवून त्यावर दांडा टेकवावा, आणि आकडा वाचावा. भार कमी भरला तर होडी किंवा आतील सामान थोडे पुढे सरकवावे. जास्त भरला तर मागे. उलाळ ट्रेलर सावकाश जाताना गरीब वाटतो. वेग वाढला, की मात्र तो सापासारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो, आणि प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होत जाऊन शेवटी मोटारीलाही आपल्याबरोबर ओढून नेतो.

चाकाच्या पोटात

लांबच्या प्रवासात होडीचे ट्रेलर बहुधा एकाच ठिकाणी दगा देतात, ते म्हणजे चाकाच्या बेअरिंगमध्ये. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ट्रेलर रस्त्याने येतो तेव्हा चाकाचा हब तापलेला असतो. होडी उतरविण्यासाठी तोच ट्रेलर मागे घेऊन थंड पाण्यात बुडवला जातो. हबमधील गरम हवा एकदम आकसते आणि ऑइल सील जरासे झिजलेले असले, तर त्यातून पाणी आत शोषले जाते. मग ग्रीसचे दुधासारखे पांढुरके लोणी होते, त्याचे वंगणपण जाते, आणि ट्रेलर उभा राहिल्यावर पोलादावर गंज चढू लागतो. बाहेरून चाक नव्यासारखे दिसत असते.

एका लांबच्या प्रवासात या बेअरिंगवर काय ओढवते, ते पाहा. काशी हे एकेकाळी देशातील सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्गाचे आरंभस्थान होते. २०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळण्यापूर्वी क्रमांक ७ चा मार्ग तेथून निघून रीवा, जबलपूर, नागपूर करीत कन्याकुमारीपर्यंत २,३६९ किलोमीटर जात असे. त्यातील केवळ काशी ते नागपूर हा सातशे किलोमीटरहून अधिक लांबीचा टप्पा घेतला, तरी ५५ सेंटीमीटर व्यासाच्या लहान चाकाचे त्यात चार लाखांहून अधिक फेरे होतात. गंजलेल्या बेअरिंगने चार लाख फेरे सुखरूप घ्यावेत, अशी अपेक्षा करणे म्हणजे दैवावर भार टाकणे होय.

म्हणून दोन्ही चाके उतरवून हब उघडावेत. बेअरिंग केरोसीनने धुऊन, सुकवून, उजेडात पाहावे. रुळांवर किंवा कड्यावर खड्डे, निळसर डाग अथवा गंज दिसला, तर ते पुसून पुन्हा बसविण्याचा मोह टाळावा. रूळ आणि कडे दोन्ही नवे घ्यावेत. चांगले असेल तर तळहातावर ग्रीस घेऊन ते रुळांच्या फटींत पूर्ण दाबून भरावे. ऑइल सील आणि खिळीची पिन मात्र दर वेळी नवीच घालावी. चाक फिरवीत नट घट्ट करावा, मग किंचित सैल करावा, आणि पिन घालून तिचे पाय वाकवावेत. चाक हाताने फिरवले असता आवाज न करता फिरले पाहिजे, आणि वर-खाली धरून हलवले असता त्यात खडखड जाणवता कामा नये. हे काम स्वतःला येत नसेल, तर जाणत्या मेकॅनिककडून करून घ्यावे. पण तेथे उभे राहून पाहावे.

टायर, सांगाडा आणि कमानीचे पाटे

ट्रेलरचे टायर झिजून जाण्याआधी म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी खोल असते, आणि बाजूच्या रबराला मात्र उन्हाने बारीक भेगा पडलेल्या असतात. टायरच्या कडेवर चार अंकांची एक खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षे उलटली असतील, तर जाणकाराकडून टायर तपासून घ्यावा. भेगा असतील तर वय न पाहता बदलावा. हवा नेहमी टायर थंड असताना, ट्रेलरला नेमून दिलेल्या दाबानेच भरावी. कमी हवेचा टायर भाराखाली सारखा दबत-उकलत राहतो, तापतो, आणि भर उन्हात फुटतो. जादा चाक बरोबर असलेच पाहिजे. मोटारीचा जॅक ट्रेलरखाली जातो का आणि मोटारीचा पाना ट्रेलरच्या नटांना लागतो का, हे घरच्या अंगणातच पाहून ठेवावे.

सांगाड्याच्या पोकळ नळ्या आतून गंजतात, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. छोट्या हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहावे. धडधाकट लोखंड खणखणते. कुजलेले बद्द वाजते. बाजारात मडके पारखणाऱ्या गृहिणीला ही परीक्षा चांगली ठाऊक असते. जोडणीपाशी, आसाजवळ आणि पुढच्या दांड्याच्या मुळाशी चीर दिसली, तर वेल्डिंगवाल्याकडे जावे. रंगाचा हात फिरवून चीर झाकणे हा आत्मघात आहे. कमानीचे पाटे, त्यांना आसाशी आवळणारे यू-बोल्ट, आणि त्यांचे नट यांची एकेक करून तपासणी करावी. ट्रेलरला ब्रेक असतील, तर ते गंजून जखडलेले नाहीत ना, आणि दोन्ही चाकांवर सारखेच लागतात ना, तेही पाहावे.

जोड, साखळी आणि दिवे

मोटारीच्या मागचा गोळा आणि ट्रेलरच्या तोंडाची वाटी एकाच मापाची असली पाहिजे. ४८ मिलिमीटरच्या आसपासचा गोळा ५० मिलिमीटरच्या वाटीत बसल्यासारखा वाटतो, कुलूपही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात वाटी गोळ्यावरून उडते. माप गोळ्यावर कोरलेले असते, ते वाचावे. जोड लावल्यावर पुढचा जॅक फिरवून दांडा वर उचलण्याचा प्रयत्न करावा. मोटारीचा मागचा भाग त्याबरोबर वर आला, तर जोड पक्का.

त्यानंतर दोन सुरक्षा साखळ्या. त्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवाव्यात, म्हणजे जोड सुटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. साखळी वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल असावी, पण रस्त्याला घासू नये. मोटारीपासून सुटलेला ट्रेलर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला चुकवत नाही. त्या अनोळखी माणसाचे प्राण या दोन साखळ्यांवर टांगलेले असतात.

दिव्यांच्या बाबतीत बहुतेक दोष भूतारेच्या गंजलेल्या टोकात सापडतो. टोक घासून स्वच्छ करावे, मागील तांबडे दिवे, ब्रेकचे दिवे व वळणाचे दिवे एकाला मागे उभे करून तपासावेत. चमकपट्ट्या मागे आणि बाजूंना लावाव्यात. यंत्राचा पंखा मागे बाहेर येत असेल, तर त्यावर तांबडे फडके बांधावे. रात्रीचा प्रवास टाळता आला, तर उत्तमच.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. तेव्हा त्याची नोंदणी आणि विमा यांचे कागद, तसेच आपल्या मोटारीने तो ओढण्यास मुभा आहे किंवा कसे, हे प्रादेशिक परिवहन कार्यालयात निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

होडी बांधावी कशी?

होडीचा मागचा भाग, जेथे यंत्राचे ओझे असते, तो ट्रेलरच्या आधारावर टेकलेला हवा. अधांतरी राहिला तर रस्त्याचे धक्के खाऊन तळ वाकतो. पुढे नाळेपाशी कप्पीचा पट्टा, त्याला सोबत म्हणून एक वेगळी साखळी, आणि मागे दोन्ही बाजूंनी खाली ट्रेलरच्या सांगाड्याशी आवळलेले दोन पट्टे, अशी चार बंधने असावीत. नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो. सकाळी घट्ट वाटलेली गाठ दुपारी सैल झालेली असते. म्हणून पॉलिएस्टरचे पट्टे बरे. रुंद पट्ट्याला एक पीळ दिला, म्हणजे तो वाऱ्यावर फडफडत नाही. यंत्र वर उचलून त्याला लाकडाचा किंवा लोखंडाचा टेकू द्यावा. ताडपत्री घट्ट बसत नसेल, तर ती काढून ठेवावी. वाऱ्याने फुगलेली ताडपत्री शिडाचे काम करते. आतील वल्ही, जाकिटे, डबे सारे बांधावे.

होडी लाकडी असेल, तर एक काळजी अधिक. लांब उन्हात तिच्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. मुक्कामाला तिला सावलीत उभी करावी, आणि पाण्यात उतरविल्यावर लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत तीत माणसे बसवू नयेत.

वाटेवर

पहिला प्रवास दहा किलोमीटरचाच करावा. मग थांबून प्रत्येक हबला हात जपून लावून पाहावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववेना इतका तापला असेल, तर पुढे जाण्यात शहाणपणा नाही. दोन चाकांपैकी एकच तापले असेल, तर दोष तेथेच आहे हे उघड झाले. चाकांचे नट, जोड, साखळ्या आणि पट्टे पुन्हा आवळावेत. पुढे दर थांब्याला ट्रेलरभोवती अशी एक प्रदक्षिणा घालण्याचा नेम ठेवावा.

वेग बेताचा असावा. ६० ऐवजी ८० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत सुमारे पावणेदोनपट अधिक गतिज ऊर्जा असते, आणि ती सारी ब्रेकांना जिरवावी लागते. पुढील वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे. ट्रेलर झोके घेऊ लागलाच, तर करकचून ब्रेक मारू नये आणि सुकाणू उलटसुलट फिरवू नये. सुकाणू सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच उचलावा. वेग उतरला की झोके आपोआप शमतात. मग बाजूला थांबून भार पुन्हा नीट लावावा.

आणि आता आपला दुसरा घाट. मराठी भाषेने नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांना आणि डोंगर उतरणाऱ्या वाटेला एकच शब्द दिला आहे, आणि दोन्ही ठिकाणी उतरणाऱ्याने पाय जपूनच टाकावा लागतो. कात्रज असो, खंबाटकी असो, की कोल्हापूरकडून कोकणात उतरणारा आंबा घाट असो. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि यंत्राच्या रोधानेच गाडी आवरावी. ब्रेकवर पाय दाबून धरला, तर ते तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणावर निकामी होतात. वळण थोडे बाहेरून घ्यावे, कारण ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांहून आतून जातात. मागे घेताना हात सुकाणूच्या खालच्या बाजूस ठेवावा. मग हात ज्या दिशेला जाईल त्या दिशेलाच ट्रेलरचा मागचा भाग वळतो. मागे एक माणूस उभा असावा, आणि तो चालकाला आरशात दिसत असावा. मुले मात्र दूर असावीत.

नदीकाठी पोहोचल्यावर लगेच ट्रेलर पाण्यात घालण्याची घाई करू नये. हब निवू द्यावेत. दिव्यांची जोडणी सोडावी. काढलेले बूच पुन्हा बसवावे. हे शेवटचे काम विसरणारे लोक वाटते त्याहून पुष्कळ असतात.

वाचकहो, एवढी सारी सिद्धता करण्यास दोन दिवस पुरतात. पूर आलेल्या रात्री गावाला हे दोन दिवस कोणी उसने देत नाही. रस्त्यात बेअरिंग जळून थांबलेली होडी, आणि कौलावर बसून तिची वाट पाहणारे कुटुंब, यांच्यामधले अंतर किलोमीटरांत मोजता येणार नाही. म्हणून गावच्या जीवरक्षक होडीचा ट्रेलर दर उन्हाळ्यात, अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, एकदा उघडून पाहण्याचा नेम गावाने करावा.

पुढे कधी काशीला जाल, तेव्हा शिंदे घाटावर थोडे थांबा. रत्नेश्वराचे ते कललेले शिखर पाहताना आपल्या गावच्या होडीची आठवण ठेवा. आणि परत आल्यावर तिच्या चाकांना एकदा हात लावून पाहा.